पाचवी कमान

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलूसच्या बसथांब्यावर उभा होतो. निघालो होतो त्यांच्याकडेच... तीच बस पकडून मयतीला गेलो.

सांगलीत त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान. मी चित्रकलेचा मास्तर. शाळेची चित्रं द्यायला जायचो आणि चहाला थांबायचो, एवढीच ओळख. मग एके दिवशी एका जुन्या आरशाची पाठ उघडताना त्यांना फळीआड इंग्रज अमदानीतलं छापील चित्र मिळालं. ओढ्यावर रेल्वेचा दगडी पूल, वर धूर सोडणारं इंजिन, मागं दोन उंचवट्यांची टेकडी. खालची नावाची ओळ वाळवीनं खाल्लेली. आरशाचा मालक म्हणाला, "तुम्हीच ठेवा." रशीदभाईंनी मला फोनवर अक्षरशः ओरडून बोलावलं.

"मास्तर, ह्यो आमच्या मामाच्या गावचा पूल! पलूसच्या अलीकडचा. ह्याच्याखाली पवलोय मी!"

मी कमानी मोजल्या. चित्रात पाच. तो पूल मी आयुष्यभर बघत आलेला, चार कमानींचा. म्हटलं, "चित्रकारानं एक पदरची घातली असेल."

"आवं, एकेक चिरा मोजून काढलाय त्यानं. कमान खोटी काढंल व्हय?"

त्यांचं हृदय तेव्हाच कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केलेली. मुलगी शबाना नको नको म्हणत असताना दुसऱ्याच सकाळी ते माझ्या स्कूटरवर मागं बसले, चित्र कापडात गुंडाळून छातीशी धरलेलं. ओढ्यात उतरलो. टेकडी जुळली, चिरे जुळले, कमानी मात्र चारच! रशीदभाई चित्र न्याहाळत काठाकडं सरकले. तिथं गाळाचा ढीग, त्यावर बाभळी. काट्यांत हात घालून त्यांनी वेल ओढले, आणि गाळाच्या वर वीतभर दिसली दगडांची गोल कड!

"मास्तर! पाचवी! पाचवी हाय!"

साठी ओलांडलेला माणूस, हाताला रक्त, चिखलात नाचत होता. मला त्यांच्या छातीची धास्ती वाटत होती, तरी मीही ओरडत होतो. वरून गाडी धडधडत गेली तेव्हा आम्ही दोघांनी तिला हात केले. त्यानंतर दीड वर्ष ते जगले, आणि दुकानात येईल त्याला हे सगळं सांगत राहिले, दर वेळी आत्ताच सापडल्यासारखं.

परवा, त्यांच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीनंतर, दुकानात गेलो. शबाना फ्रेमची पट्टी कापत होती. एक गिऱ्हाईक घाईघाईत लग्नाचा फोटो घेऊन आलं आणि भिंतीवर लावलेल्या त्या चित्राकडं बघून सहज म्हणालं, "कुठला ओ पूल हा?"

शबानानं करवत खाली ठेवली. "बसा," ती म्हणाली, डोळे लकाकले, "आधी कमानी मोजा बरं."

गिऱ्हाईक बसलं. माझी बस पाच मिनिटांत सुटणार होती. मीही बसलो.