अनुदानातली पाहुणी

पाहुणी यायच्या आधी आठवडाभर मी घरात नुसत्या येरझारा घालत होते. गाद्या उन्हात टाकल्या, काढल्या, परत टाकल्या. नवरा म्हणाला, अगं, एकोणीस वर्षांची पोर येतेय, मंत्री नाही. त्याला बोलायला काय जातंय. सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये बसला की बंगळुरूतलं, व्हाइटफील्डचं ट्रॅफिक सुटेपर्यंत तो निवांत झोपतो. घरून काम करणारी मी, त्यामुळे जे काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होणार होतं. आणि पाहुणचार हा माझा जुना अभिमानाचा विषय. पुण्यात होतो तेव्हा सगळं सासर-माहेर माझ्याकडे मुक्कामाला असायचं. आमच्याकडे राहून कोणी लवकर परत गेलंय, असं कधी झालेलं नाही, हे मी चारचौघांत बोलूनही दाखवते.

पण ही पाहुणी सरकारी होती. लेकीची निवड युवा आदानप्रदानाच्या योजनेत झाली होती, आणि ही योजना जोड्यांची असते. व्हिएतनाममधली एक मुलगी आमच्याकडे महिनाभर राहणार, मग आमची लेक तिच्या गावी, तिच्या घरी. विमानाचं भाडं, विमा, हातखर्च, सगळं अनुदानातून. अट एकच: पहिल्या मुलीचा महिना पुरा झाला तरच दुसरीचं अनुदान मंजूर. मधेच जोडी मोडली की कारभार आटोपला. लेक निवडीच्या सगळ्या फेऱ्या पार करून तिथवर पोचली होती. तिकडच्या शाळेत ती मुलांना शिकवणार होती, आणि पुढच्या वर्षी कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे जायचं तर आत्ताच. ती आंघोळ करतानासुद्धा त्यांच्या भाषेतले आकडे म्हणायची.

योजनेचा समन्वयक बेळगावकडचा, आमच्याशी मराठीत बोलणारा. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागला. त्याने आम्हाला एक फ्लेक्स दिला होता, त्यावर दोन्ही देशांचे झेंडे आणि योजनेचं लांबलचक नाव. कुठेही गेलं की तो धरून फोटो काढायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला पाठवायचा, कारण अनुदानाला पुरावा लागतो. इथल्या, बंगळुरूच्या शिवाजीनगरच्या बाजारात बांगड्या घेताना आम्ही तो फ्लेक्स उलगडला तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं, काहीतरी फुकट वाटतायत. शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यातही तो धरून उभे राहिलो. प्रत्येक फोटोत पाहुणी छान हसायची. संध्याकाळी समन्वयकाचा फोन यायचा, सगळं बरं आहे का म्हणून, आणि मी सांगायचे, एकदम मजेत आहे.

मला खरंच तसं वाटत होतं. मुलगी गुणी होती. ताटातलं काही टाकायची नाही. उठल्या उठल्या अंथरुणाची घडी. तिची आई शाळेबाहेर न्याहारीची गाडी लावते, हे तिने फोनवर फोटो दाखवून सांगितलं, तेव्हा मला तिच्याबद्दल आणखीच माया वाटली. आणि दुपारी, मी कॉलवर असताना, ती युटिलिटीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीत, जाऊन कपड्यांचं मशीन लावायची. रोज. मी लेकीला टोमणेही मारले, बघ जरा, नाहीतर तुझे कपडे खुर्चीवर पुरणपोळीच्या चळतीसारखे साठतात.

दुसऱ्या आठवड्यात एकदा माझा कॉल लवकर आटोपला. मशीन घरघरत होतं. कपडे वाळत घालायची दोरी उतरवून ठेवावी म्हणून मी युटिलिटीत गेले, तर मशीनच्या काचेतून आतलं सगळं रिकामं दिसत होतं. कपडेच नव्हते. पाहुणी मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसून रडत होती, आणि मशीनच्या आवाजात ते कोणाला ऐकू येत नव्हतं.

मी तिला बाहेर ओढून जवळ घेतलं. काही दुखतंय का, कोणी काही बोललं का, विचारत सुटले. तिने डोळे पुसले, फोनवर तिच्या भाषेत काहीतरी लिहिलं आणि भाषांतर माझ्यापुढे धरलं. तुमचं घर चांगलं आहे, सगळे चांगले आहेत, मला माझ्या घरी जायचं आहे. मग आणखी एक ओळ लिहिली: कोणाला सांगू नका, तुमच्या मुलीचं नुकसान होईल.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. पाय एका जागी ठरेनात. हातातलं काम सोडून उगाच फ्रीज उघडायचे, परत लावायचे. तिच्यासाठी भाताचे नाना प्रकार केले, माशाची आमटी केली, तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावून दिला, तर तो संपल्यावर ती आणखीच गप्प झाली. मला तिची दया येत होती आणि तिचा रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी. जेमतेम दोन आठवडे उरले होते. तेवढे रडत का होईना काढले असते तिने, तर माझ्या पोरीचं भलं झालं असतं. संध्याकाळी समन्वयकाचा फोन आला की मी म्हणायचे, मजेत आहे.

शेवटी लेकीला सांगितलं, पाहुणी खाली फिरायला गेलेली असताना. ती माझ्यावरच उखडली. मला कशाला सांगितलंस म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार आपटलं. मला बरंच वाटलं. वाटलं, आता ही विसरून जाईल आणि आपणही विसरू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन सुरू झालं. लेक कॉलेजला न जाता घरीच होती. मशीन चालू होतं तोवर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "आई, तिकडे मला असं झालं असतं, आणि तिच्या आईने स्वतःच्या पोरीसाठी मला अडकवून ठेवलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

उत्तराची वाट न बघता तिनेच समन्वयकाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

तो आधी हबकला. मग समजावू लागला, स्वल्प अॅडजस्ट करायला सांगा, दोन आठवडे बघता बघता जातात. लेक ऐकेना, तेव्हा त्याने नियम सांगितले. मुलगी स्वतःहून निघाली तर आतापर्यंतचा सगळा खर्च तिच्या घरच्यांकडून वसूल होतो. आजारी असेल तर माफ. मी मधेच विचारलं, पोटात दुखतंय म्हणून सांगू का. तो म्हणाला, सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो अक्का. घरच्या आठवणीला त्यात कुठेच जागा नव्हती. तिसरा एकच मार्ग होता. यजमान कुटुंबाला सांभाळणं जमलं नाही असं कळवलं, तर मुलीला विनाखर्च परत पाठवतात. पण मग जोडी मोडली ती आमच्यामुळे, असा शेरा पडतो, आणि लेकीला या योजनेत परत कधी अर्ज करता येत नाही.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण होकाराची मान तिने ठामपणे हलवली. मला वाटलं, ती न्याहारीची गाडी, ती शाळेबाहेर उभी असलेली तिची आई, तिला कोणी वसुलीची नोटीस पाठवेल. लेकीचं जाणं बुडतंय याचं दुःख होतंच, पण खरं सांगते, त्या क्षणी त्याहून जास्त झोंबत होतं ते दुसरंच. माझ्या घरी पोरगी नीट राहिली नाही, असं सरकारदरबारी नोंदलं जाणार होतं.

"अक्का, तुमच्या घरासारखं घर मला दुसरं मिळालं नाही," समन्वयक म्हणाला. "असं कसं लिहू, सांगा की."

युटिलिटीत मशीन थांबलं. पाहुणी आता बाहेर येणार आणि आमच्यासाठी हसणार, हे मला माहीत होतं.

"लिहा," मी म्हणाले. "आमच्याकडून जमलं नाही."