मुलगी वाचते हो आमची!

माझ्या पुतणीचं लग्न तासभर उशिरा लागलं आणि त्याला एकटा मी जबाबदार आहे. मी कुणाशी भांडलो नाही, मानपानावरून रुसलो नाही. मी फक्त माझ्या मुलीला वाचनाची गोडी लावली होती!

आम्ही महाडला राहतो. आमची मित्रा चौथीत. पुस्तक समोर ठेवलं की तिला तहान लागायची आणि मी वाचनाचे फायदे सांगायला लागलो की झोप. शेवटी बायको वैतागली. "अहो, फायदे कसले सांगताय? गोष्ट वाचून दाखवा की!"

मग जेवणं झाली की मी मोठ्याने वाचू लागलो. एकदा चोर दोराला धरून विहिरीत उतरला, वरून कुणीतरी दोर हलवला... आणि मी पुस्तक मिटलं.

"बाबा, पुढे?"

"पुढचं पुस्तकात आहे."

तिने पुस्तक हिसकावलं आणि तेव्हापासून आमच्या घरात दूध उतू जायला लागलं. (लक्ष ठेवायला तिलाच बसवायचो ना!)

अशात पोलादपूरजवळ कापड्याला माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं, सुजाताचं लग्न निघालं. मित्राने दप्तरात फ्रॉक एकच घेतला, पुस्तकं मात्र तळापासून वरपर्यंत. मी कौतुकाने ते दप्तर सगळ्या एसटीला दाखवलं!

मांडव भरला. बौद्धाचार्य येऊन बसले, मेणबत्त्या लागल्या. आता वंदना सुरू होणार, तोच लक्षात आलं, की मांडवात एकही पोर नाही. वहिनी पोरांना बघायला आत गेल्या आणि ओरडतच बाहेर आल्या.

"अवो, पोरांचं सोडा! नवरी नाय घरात!"

दादा मटकन खुर्चीत बसला. नवरदेवाकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मी तिरमिरीत धावलो. गोठ्यामागे पेंढ्यावर गावातली सगळी पोरं मांडी घालून बसली होती, मधोमध मित्रा, हातात पुस्तक. आणि पांढऱ्या साडीत, गजरा माळून, हनुवटीला हात लावून बसलेली आमची सुजाता! पोरांना फोटोसाठी बोलवायला आली होती म्हणे.

"गो सुजाता, ऊठ! नवरा खोळंबलाय!"

"थांब ना काका, चोराला वर घेतायत!"

मागून आवाज आला, "श्श!" वळून बघतो तर आचारी. हातात डाव तसाच!

मी रागावणारच होतो. पण मित्रा चोराचा आवाज काढून असं काही वाचत होती, की मीही खाली बसलो. थोड्या वेळाने आम्हाला शोधायला नवरदेव आला.

"काय चाललंय हितं?"

"चोर सापडतोय, बसा," सुजाता म्हणाली. तोही बसला. (जोडा जमणार, हे मला तिथेच कळलं.)

शेवटी खुद्द बौद्धाचार्य आले. त्यांनी मित्राला विचारलं, "बाळ, किती पानं राहिली?"

"दोन."

"मग वाच. गोष्ट अर्धी सोडू नये."

चोर सापडला, टाळ्या पडल्या आणि मग कुठे लग्न लागलं. मंडळी पंगतीला बसली आणि पहिल्याच घासाला दादाचा आवाज चढला. "डाळ करपली कशी रं?"

आचाऱ्याने डाव माझ्याकडे वळवला. "ह्यांच्या पोरीला इचारा!"

"कुणी लावलंय तिला हे येड?"

खरं तर मी मान खाली घालायला हवी होती. पण मी उभा राहिलो. "मी लावलंय!"

"मग आता तूच वाढ!" म्हणत दादाने डाळीची बादली माझ्या हातात दिली.

मी अख्खी पंगत वाढली. कुणी नाक मुरडलं की छाती फुगवून सांगायचो, "करपलीय खरी, पण मुलगी वाचते हो आमची! चोराचा आवाज तर असा काढते..." पंगतीच्या टोकाला एक म्हातारे आजोबा होते. त्यांना मी गोष्ट विहिरीपासून सांगितली. त्यांनी शांतपणे सगळी ऐकून घेतली.

"पोरगी वाचते, लय झ्याक हाय," ते म्हणाले. "पण बाबा, आता डाळ पानात वाढ. मघाधरनं माझ्या धोतरात पडतेय!"