न काढलेल्या पायऱ्या

“आदी बगा, मंग हसा,” असं म्हणत मामा पेपर मांडीवर उलगडायचे आणि व्यंगचित्राखालची ओळ तळहाताने झाकून टाकायचे. चित्र सगळ्यांनी नीट बघितल्याशिवाय तो हात उठायचा नाही. हसायचीही रीत असते हे असं बजावून सांगणारा माणूस तुम्ही कुठे पाहिलाय का? मी एकच पाहिला.

मामा आमच्या माले गावचे शिंपी. घराच्या पडवीत त्यांचं मशीन होतं. मी खांबाआड बसून त्यांची काजं-बटणं करायची. चौथी शिकलेली होते, पण चारचौघांत तोंड उघडायचा धीर नव्हता. पौडहून एस.टी.ने पेपर यायचा, तोही आदल्या दिवशीचा. बातम्या कोणीही वाचाव्यात, पण चित्र मामांनीच फोडून सांगायचं, असं ठरूनच गेलं होतं. “ह्यो जाडा म्हंजी सरकार, आन् ह्यो वाळका म्हंजी आपुन,” एवढं ते म्हणाले की पडवी हसून हलायची. आवडलेलं चित्र खळ लावून मशीनमागच्या भिंतीवर डकवायचे.

ती पडवी, ते घर आणि मागचं भाताचं खाचर मूळचं पुण्याच्या मालकाचं. ते कसत आली ती मात्र मामांचीच माणसं, आज्यापासून. कूळकायद्याने ते आता मामांचं व्हायचं होतं. मालक त्याविरुद्ध मुंबईच्या हायकोर्टात गेला होता. मामा त्यावर बोलत नसत. फक्त मालकाचा माणूस रस्त्याने चालला की मशीनचा आवाज थांबायचा. तो वळणाआड गेला की पुन्हा सुरू व्हायचा.

एक दिवस चित्र नेमकं हायकोर्टाचं निघालं. उंच इमारत. डाव्या दारातून एक तरणा माणूस कागदांचं गाठोडं घेऊन आत चाललाय. उजव्या दारातून तोच बाहेर येतोय, पाठीला बाक आलेला, दाढी गुडघ्यापर्यंत. मामांनी हात उचलला. खाली पट्टेवाल्याचं वाक्य होतं, “पुढच्या तारखेला नातवाला पाठवा.”

सगळे हसले. गिरणीवाले अण्णा म्हणाले, “मामा, तुमी बी आत्तापासनं दाढी राखा!”

मामाही हसले. मग चित्र डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “आत जायच्या दाराला पायऱ्या हायेत. भायेर यायच्या दाराला न्हाईत. म्हातारा उतरायचा कसा?”

“जागा पुरली नसंल कागदावर.”

“जागा लई उरलीया, अण्णा.”

यावर कोणी हसलं नाही. मामा माझ्याकडे वळले. “पोरी, तुझी नजर बारीक. तुला दिसतीया का पायरी?”

मी बघितलं आणि मान हलवली. नव्हती.

भातं कापायच्या सुमाराला तारीख निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट शिवलेल्या मामांनी पहिल्यांदा स्वतःसाठी कोट शिवला. बरोबर आंबेमोहराच्या लोंब्यांची जुडी घेतली. म्हणाले, “खाचर कोन कसतंय, ह्ये सायेब इचारतीलच. लोंबी हातात दिली की वासानंच कळंल त्यास्नी.” हायकोर्ट आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना ते पटलं. जुडी मीच कापडाच्या काठाने बांधून दिली.

परत आले तेव्हा जुडी तशीच बांधलेली होती. पडवीत माणसं जमली. मामा कोट न काढता मशीनवर बसले.

“मला कुनी काय इचारलंच न्हाई. वकील इंग्रजीत बोलत हुते. मंग सायेब कायतरी बोलले आन् सगळी हसली. आपला वकील हसला, मालकाचा बी हसला.”

“आन् तुमी?” अण्णांनी विचारलं.

“मी बी हसलो. म्हनलं, सायेब खुशीत हायेत, बरं झालं.” त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. “भायेर आल्याव वकील म्हनला, मामा, घर खाली करा.”

 मग अण्णा हळूच म्हणाले, “पर हसले कशाला?”

“चित्र असतं तर फोडून सांगितलं असतं, अण्णा.”

त्यानंतर पेपर यायचा आणि घडी न मोडता पडून राहायचा. माणसं पडवीत टेकेनाशी झाली. मालकाचा माणूस आता रस्त्याने जात नसे. समोरच्या आंब्याखाली उभा राहून घराकडे बघायचा. मामा खाली मान घालून गावाचे राहिलेले कपडे शिवत होते. मशीन आता त्याच्यासाठी थांबत नव्हतं.

एका सकाळी मी बटणं लावलेला सदरा द्यायला गेले, तर दार उघडं. मामा नव्हते, मशीन नव्हतं. भिंतीवरची सगळी चित्रं खरवडून काढलेली, एकच ठेवलेलं, हायकोर्टाचं.

त्या उजव्या दाराखाली मामांनी शिंप्याच्या निळ्या खडूने पायऱ्या काढल्या होत्या. गजाने मापून घेतल्यासारख्या सरळ. कागद संपला तरी त्या भिंतीवरून खाली आल्या होत्या. त्यांच्यामागोमाग मीही खाली बसत गेले.

शेवटची पायरी जमिनीच्या वीतभर वरच थांबली होती. खडू तिथेच खाली पडला होता. अर्ध्याहून जास्त उरलेला.