बर्फासाठी आजारी पाडलेली आजी

गेल्या सप्टेंबरात मी माझ्या धडधाकट आईला गंभीर आजारी पाडलं. पुण्यात बसलेल्या आईला त्याचा पत्ताही नव्हता. मी इथे नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात, जेवणाच्या टेबलावर, मुलीच्या शाळेचा रजेचा अर्ज भरत होतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आजीची प्रकृती गंभीर, भेटायला जाणे आवश्यक.' खरं कारण एवढंच होतं की नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं होतं.

त्या डच वाक्यात व्याकरणाची चूक नाही ना, हे मी दोनदा तपासलं.

ही सहल मी मुलीसाठीच ठरवली होती, हे खोटं नाही. ती दहा वर्षांची आहे. इथे शाळेला फेब्रुवारीची सुट्टी लागली की वर्गातली अर्धी मुलं डोंगरात जातात आणि परतल्यावर आठवडाभर त्याच्याच गप्पा मारतात. तिने दोन वर्षं त्या ऐकून घेतल्या होत्या. पण सुट्टीत तिकडे पाय ठेवायला जागा नसते. आमच्या मराठी मंडळातल्या दुसऱ्या तीन कुटुंबांनी एक गाव शोधलं होतं. गावच मुळात उंचावर आणि त्याच्याही वर हिमनदी, त्यामुळे हंगाम सुरू होता होताच बर्फाची खात्री. नियोजन माझ्याकडे आलं, कारण एक्सेलची फाइल बनवायची हौस मलाच. कोणाच्या बुटाचं माप काय, कोणाच्या गाडीला हिवाळी टायर आहेत, बर्फाळ घाटात चाकांना लावायच्या साखळ्या कोण आणणार, वर डोंगरावर खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोण करणार, सगळं त्यात होतं. शनिवारी मी मुलीला अर्ध्या तासावरच्या बर्फाच्या हॉलमध्ये सरावाला नेत असे. समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या या सपाट देशात, एका प्रचंड फ्रिजसारख्या शेडमध्ये, माणसं डोंगर उतरायला शिकतात. मी कठडा धरून उभा राहायचो. ती तिसऱ्याच शनिवारी न पडता खाली गेली आणि खालून दोन्ही हात वर करून मला दाखवले.

अडचण एकच होती. इथे मूल पाच वर्षांचं झालं की सहलीसाठी शाळा बुडवता येत नाही. तसा कायदाच आहे. घरचं लग्न, मृत्यू, गंभीर आजारपण, अशा कारणांनाच रजा मिळते. बाकीच्या तिघांची मुलं अजून लहान होती, त्यांना प्रश्न नव्हता.

"लग्न टाक की," एक मित्र म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वी खरंच लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुख्याध्यापिकेने पत्रिका मागितली होती."

"मग आजारपण टाक. त्याची पत्रिका नसते."

"आणि पोरगी तोंडावर गॉगलचा पांढरा पट्टा घेऊन परत येईल," दुसरा म्हणाला. "काय सांगणार राव, पुण्यात ऊन फार होतं?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन फाइलमध्ये नोंद केली : सनस्क्रीन, दोन ट्यूब.

बायकोला मी अर्ज पाठवल्यावर सांगितलं. ती माझ्यामागून डिपेंडंट व्हिसावर इथे आली, नेटाने डच शिकली, आणि आता एका डॉक्टरांच्या दवाखान्यात फोनवर असते. तिने प्रत वाचली.

"कोणाची आई लिहिलीस?"

"माझी."

"नशीब. माझी लिहिली असतीस तर आज जेवायला मिळालं नसतं." मग तिचा चेहरा बदलला. "अरे, घरात असं अभद्र बोलूसुद्धा नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"बोललो कुठे? लिहिलंय."

"डचमध्ये लिहिलं म्हणून वास्तूला कळत नाही का?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मी रोज ऐकते फोनवर," ती म्हणाली. "आजार सांगितला की पुढे दहा प्रश्न येतात. त्यांची उत्तरं कोण देणार आहे? तू, का आपली लेक?"

मी टायरवाल्याला फोन लावला. मुलगी जिन्यात बसून हे ऐकत होती, हे मला फार नंतर कळलं.

तिला मी रविवारी समोर बसवून सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र ती डचमध्ये देते.

"आजी आजारी आहे?"

"नाही गं. शाळेत विचारलं तर म्हणायचं, आहे."

"थोडी, की खूप?"

मी विचार केला आणि म्हणालो, "मध्यम."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वर निघून गेली.

आठवड्याभरात रजा मंजूर झाली. मुख्याध्यापिकेने खाली हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, आजीला लवकर आराम पडो म्हणून. सोमवारी सकाळी वर्गात मुलं गोल करून बसतात आणि घरच्या गोष्टी सांगतात. बाईंनी तिला आजीबद्दल विचारलं. तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती एक मऊ, राखाडी, एका कानाची शिवण उसवलेला कापडी ससा घेऊन घरी आली. तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने तो दिला होता. त्या मैत्रिणीची आजी उन्हाळ्यात गेली. ती आजारी असताना ही मुलगी तोच ससा कुशीत घेऊन झोपायची.

माझ्या मुलीने तो ससा खोलीत नेला नाही. दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवला. मला तो जाता-येता दिसायचा. टायरच्या साखळ्यांचा खोका आला तेव्हा मी तो सशाशेजारीच ठेवला आणि फाइलमध्ये साखळ्यांपुढे खूण केली.

पुढच्या शनिवारी तिचं पोट दुखत होतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी ती सरळ म्हणाली, "मला नाही यायचं." भाड्याच्या बुटांसाठी तिच्या पावलाचं माप घ्यायला गेलो तर म्हणाली, "कुठलेही चालतील." वयच तसं आहे, असं मी बायकोला म्हणालो.

मग एका रविवारी आईशी नेहमीचा व्हिडिओ कॉल चालू होता. मुलीने टॅबलेट स्वतःकडे ओढला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, तू आता आजारी होणार?"

"मी? का गं राणी? सकाळीच टेकडी चढून आले की."

"बाबांनी लिहिलंय. आणि आई म्हणाली, घर ऐकतं."

आता सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी सगळं सांगितलं. आई अशी हसायला लागली की पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं.

"काय झालंय म्हणे मला?"

"रोग नाही लिहिला."

"बघ! अर्धवट काम करायची सवय तुझी लहानपणापासूनची. अरे, मला पाडायचंच होतं तर एखादा भारदस्त रोग तरी द्यायचास." मग डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे. म्हाताऱ्या माणसाला असं म्हटलं की आयुष्य वाढतं. त्या बर्फात हातपाय मोडून घेऊ नका म्हणजे झालं."

मला इतकं हलकं वाटलं! जिला आजारी पाडलं तिनेच माफ केलं, मग आणखी काय हवं? मी हसत मुलीकडे बघितलं. ती हसत नव्हती. कॉल संपल्यावर ती डचमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाली, "ससा परत देताना मी काय सांगू?"

"सांग, आजी बरी झाली."

"मग ती विचारेल, सशामुळे का?" तिने दाराजवळच्या सशाकडे बघितलं. "तिची आजी सशाने बरी नव्हती झाली, बाबा."

मी मित्राला फोन करून सांगितलं, आम्ही येत नाही, फाइल पाठवतो. "एवढ्यावरून? काय राव!" तो म्हणाला. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीबरोबर सायकलने शाळेत गेलो. ससा तिच्या सायकलच्या पुढच्या टोपलीत होता. ती सायकल-स्टँडपाशी थांबली आणि मी एकटा आत बाईंकडे गेलो. वाटेत घोकलेली वाक्यं विसरलो आणि साध्या, मोडक्या डचमध्ये सांगितलं : आजी ठणठणीत आहे, मी खोटं लिहिलं, रजा नको.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "सांगितलंत हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण मला राग आला आहे, तेही सांगते. मुख्याध्यापिकेकडेही तुम्हाला जावं लागेल." मग विचारलं, "मुलीची माफी मागितलीत?"

"तिला माहीत आहे की मी..."

"ते नाही विचारलं मी."

मी बाहेर आलो. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. माझ्या वडिलांनी कधी माझी माफी मागितलेली मला आठवत नाही, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. आमच्या घरात 'सॉरी' दिवसातून दहा वेळा होतं, पाणी सांडलं, धक्का लागला म्हणून. ते आत्ता चालणार नव्हतं. मुलगी दोन्ही हातांत ससा धरून उभी होती. मी ओल्या विटांवर गुडघे टेकून बसलो. आजूबाजूला मुलं सायकली लावत होती.

"माझं चुकलं," मी तिला म्हणालो. "आजीबद्दल खोटं मी लिहिलं आणि बोलायला तुला लावलं. तुझं पोट दुखत होतं ते कशाने, ते मला कळायला हवं होतं. घंटेच्या आधी तुझ्या मैत्रिणीला मी स्वतः सांगतो, की खोटं तुझं नव्हतं, माझं होतं. मला माफ कर, बाळा."