आणखी एक मूठ

काल डिचोलीत आमच्या खुरसापुढे, म्हणजे वाड्यावरच्या क्रुसापुढे, लादिनाची प्रार्थना झाली आणि खोबरं घातलेल्या उकडलेल्या चण्यांच्या वासाने मला श्रीलंकेच्या किनाऱ्यावर नेलं. गोवा राज्य झालं त्या सुमारास आम्ही काहीजण तिथल्या कोळ्यांच्या चर्चला धीर द्यायला गेलो होतो. वादळात त्यांची माणसं गेली होती. प्रार्थनेनंतर मी आपल्या रीतीने चणे वाटले. एका म्हातारीने दुसरी मूठ मागून पदराला बांधली. मला ती हावरट वाटली.

"तिच्या घोवाचो वांटो तो," आमचे पाद्री तिच्या नवऱ्याविषयी हळूच म्हणाले. "दर्यांत गेलो, परत येवंक ना."

बाहेर समुद्र दुधासारखा, काही केलंच नाही असा पडून होता.

हे गेल्यावर, ह्यांच्याशिवायचं कालचं पहिलंच लादीन. शेजारणीने चणे दिले, तेव्हा मी रुमाल पसरला.

"आनीक एक मूठ दी गे," म्हटलं.