बोललास तर सौदा मोडला

माझी शीला मावशी पिंपळवंडीला कॅनॉलपलीकडच्या वस्तीशाळेत बाई होती. शाळा म्हणजे काय, वस्तीवरच्या चांगदेव नानांच्या कांदा साठवायच्या बराखीला लागून पत्र्याची एक खोली. गावातली मोठी शाळा हायवेच्या पलीकडं, बारकी पोरं एवढ्या गाड्यांतनं रस्ता कशी ओलांडणार, म्हणून ही शाळा निघाली. पण साहेब लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पोरांना काही येत असेल तर शाळा चालू राहील, नाहीतर बंद. मावशीला दिवसरात्र तेवढीच एक धास्ती. कारण शाळा बंद झाली तर ही पोरं हायवे ओलांडून जाणार नाहीत, घरीच बसणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि पोरं काही केल्या शिकेनात. काही केल्या म्हणजे खरंच काही केल्या! तिनं गाणी म्हटली, नाचून दाखवलं, चिंचोके आणले, गोळ्या वाटल्या. रागावून झालं. एकदा तर वर्गातच रडली. ती रडायला लागली तेव्हा मात्र सगळी गप टक लावून बघत बसली, तेवढाच काय तो तास नीट झाला.

सगळ्यात वस्ताद बहिरू. पहिलीतलं पोरगं, पण बाहेर शेरडू ओरडलं की हा खिडकीतून पसार. मावशी त्याच्या घरी गेली तर त्याची आई भागूबाई म्हणाली, "बाई, त्याच्या डोस्क्यात काय ऱ्हात न्हाई. कशाला जीव जाळता? शेरडं तरी राखंल."

"दिवाळीपर्यंत तरी पाठवा वो भागूबाई."

"पाठविते. पण पळून आला तर मला बोलायचं न्हाई, आधीच सांगते."

आता सावळाराम आजोबांचं सांगते, म्हणजे मावशीच्या वडलांचं. ते बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवून द्यायचे. तिथली रीतच अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला एवढी माणसं उभी असतात, कुणाला पत्ता लागत नाही. एका संध्याकाळी मावशी जेवत नव्हती, नुसती ताटाकडं बघत बसली होती, तर आजोबांनी तिचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबली.

"किती झालं सांग."

"आण्णा, मला काय सुचत नाय आन् तुमाला खेळ सुचतोय!"

म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं बहिरूला पुढं बोलावलं आणि त्याच्या हातावर स्वतःचा पदर टाकला. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच, मूठ दाबली की दहा. "तीन आन् चार किती? मला बोटांनी सांग. पण तोंडानं बोललास तर सौदा मोडला!"

बहिरूनं आतमध्ये पंजा दाबला, मग दोन बोटं. सात!

त्या दिवशी बाहेर शेरडं ओरडून ओरडून दमली, बहिरू हलला नाही. पोरं वेडी झाली राव. पदराखाली हात घालायला रांग लागायची. बेरजा झाल्या, वजाबाक्या झाल्या, तरी "बाई अजून एक सौदा, अजून एक" चालूच. मावशी त्यांना मुद्दाम फसवायची पण, "सांग ना मोठ्यानं, सांग की, कुणी ऐकत नाय," आणि पोरं ओठ घट्ट मिटून खुदुखुदु हसायची. जो बोलला तो बाद. बाजारात भाव फोडणाऱ्याचं जे होतं तेच. मावशी घरी येऊन पोटभर जेवायला लागली.

मग शाळा तपासायला साहेब आले. मोटारसायकलवरनं, उन्हातनं, अजून दोन वस्त्या बघायच्या होत्या त्यांना. बिचारे वाईट नव्हते, नीट हसून बोलले.

"काय रे बाळा, सात आणि पाच किती?"

बहिरूचे डोळे चमकले. येत होतं त्याला! पण तोंड बंद.

"तू सांग गं."

बहिरूच्या शेजारी बसलेल्या प्राचीनं दोन्ही ओठ आत ओढून घेतले.

"अरे, कुणालाच येत नाही का?"

मावशी घाईनं पुढं आली. ती म्हणाली, "सांगा रे, मोठ्यानं सांगा साहेबांना."

झालं! पोरांना वाटलं बाई नेहमीसारखं फसवतायत. सगळी एकमेकांकडं बघून हसायला लागली. ती जेवढी जास्त म्हणेल, "अरे खरंच बोला रे, आज खेळ न्हाई, हात जोडते," तेवढी पोरं हुशारीनं गप्प. बहिरू तर उठला, साहेबांच्या गळ्यातला टॉवेल ओढून त्यांच्या हातावर टाकला आणि आतमध्ये मूठ दाबली.

"अरे, काय करतोस हे?" साहेबांनी हात झटकला. "बाई, शिस्त पण नाही आणि अभ्यास पण नाही."

"साहेब, त्यानं सांगितलं तुमाला! मूठ म्हंजे दहा, पुढं दोन बोटं दाबणार व्हता..." मावशी बेल्ह्याचा बाजार, उपरणं, सगळं एका दमात सांगत सुटली. साहेब ऐकत होते, पण बघत होते घड्याळाकडं. "बरं बरं," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

मावशी दारात मटकन खाली बसली. तिचा चेहरा बघून प्राचीला काय कळलं कुणास ठाऊक, ती ओरडली, "बारा!" मग सगळीच उठली आणि धुळीतनं मोटारसायकलमागं पळत सुटली, "बारा! बारा! साहेब, बारा!"

साहेबांनी मागं न बघताच हात हलवला. त्यांना वाटलं, पोरं टाटा करतायत.

दिवाळीनंतर शाळा उघडलीच नाही. प्राचीला मामाच्या गावी ओतूरला शाळेत ठेवली, तिचं बरं झालं. बाकीची काही दिवस हायवे ओलांडून गेली, मग घरी बसली. मावशी आता टोमॅटोच्या क्रेट भरायला जाते. कुणी विषय काढला की एकच म्हणते, "गप बसायला मीच शिकिवलं ना त्यांना."

मागच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर कॅनॉलवरनं चालले होते. पलीकडच्या काठाला बहिरू शेरडं घेऊन उभा. लई उंच झालाय. मावशी थांबली आणि एकदम ओरडली, "बहिरू, सात आन् पाच किती रं?"

त्यानं ओळखलं. दात काढून हसला.

"बोल ना रं! तोंडानं बोल!" मावशीचा आवाज फाटला. मधनं पाणी वाहत होतं, हात पोचण्यासारखा नव्हता.

बहिरूनं ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि शेरडं हाकत निघून गेला.