उंबरठ्यावरचे जावईबापू

मुलांनो, जळगावात आजवर जेवढे जावई आले, त्यांत सर्वांत हुशार आणि उंबरठ्यावर सर्वांत जास्त वेळ काढणारा जावई आमच्या शेजारच्या अक्कांचा, हे मी अभिमानाने लिहिते. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर या जावईबापूंना शेवटची नजर टाकायची असते. मग तो डबा असो की पाहुणा. एकदा मला दारातच अडवून म्हणाले, "काकू, चष्मा कपाळावर आहे, नाकावर घ्या." नशिराबादला लग्नाला निघालेली अख्खी जीप त्यांनी आहेर तपासायला खाली उतरवली. तिथे लग्न लागून जाईल या धाकाने अक्का ओरडल्या, "जवाईबापू, तठे अक्षता पडी जातीन!"

इंटरनेटवरून फोन जोडणारे संगणक चालवणे हा त्यांचा धंदा. पुण्याची नोकरी सोडून बायकोसह ते इथे अक्कांकडे राहायला आले, ते एकाच कामाच्या भरवशावर: एका दवाखान्याच्या जळगाव आणि धुळे शाखांचे फोन जोडायचे. फसले तर परत पुणे. अक्कांनी या धास्तीने जेवण कमी केले होते, आणि काम फसतच होते. इथले बोलणे धुळ्याला पोचे, धुळ्याचे मात्र इथे काहीच ऐकू येत नसे.

मला त्यांनी समजावले, "काकू, फोन जोडताना आपला संगणक धुळ्याला जो निरोप धाडतो, त्यात घरातला पत्ता देतो. 'स्वयंपाकघराशेजारची खोली' एवढ्या पत्त्यावर धुळेकर आवाज कुठे पाठवणार?" म्हणून बाहेर जाणारा निरोप अडवून त्यावर बाहेरचा पत्ता घालणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी लिहिला. इथून केलेले फोन सुधारले. धुळ्याहून आलेले मात्र तसेच मुके! त्या फोनांना आपला संगणक जे उत्तर धाडतो, ते वेगळ्या वाटेने जुनाच पत्ता घेऊन निघत होते.

"म्हणजे तुम्ही पुढच्या दारात उभे, आणि मागचे सताड उघडे," बायको म्हणाली.

ते इतके लाजले की चहा तसाच राहिला. मग त्यांनी आपली तपासणी अगदी शेवटच्या जागी नेली, जिथून हाक असो वा उत्तर, प्रत्येक निरोप बाहेर पडतोच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात धुळ्याचा फोन वाजला, तो जावयासोबत गेलेल्या अक्कांनीच हिसकावून घेतला आणि "मी अक्का" म्हणून सांगितले. "जेवण झालं का, अक्का?" पलीकडच्या बाईने विचारले.  धुळ्याचा शब्द न् शब्द पोचताच रिसीव्हर छातीशी धरून अक्का ओरडल्या, "ऐकू येस! बठ्ठं ऐकू येस!" रांगेतले रुग्ण वळून पाहू लागले.

परवा जावईबापूंनी पुण्याहून आणलेली, इतके दिवस बांधूनच ठेवलेली खोकी सोडली. आता संध्याकाळी अक्कांच्या घरातून भांड्यांचा, भांडणाचा, हसण्याचा आवाज येतो. तुमच्या रिकाम्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे. मी ती उघडी ठेवते.